हा माल पेवात टिकत नाही: व्हाइट सॉक्सच्या सौद्यांविषयी

गेल्या ऑगस्टमध्ये भाचा शिकागोत शिकायला आला. मी शिकलो त्याच कॉलेजात. पहिल्याच महिन्यात त्याला बेसबॉलचं वेड लागलं आणि तेही इथल्या व्हाइट सॉक्स संघाचं, म्हणजे दोष माझाच. परवा त्यानं विचारलेला प्रश्न असा: "मामा, २०२३ ला ३८ होम रन मारणारा लुइस रॉबर्ट न्यूयॉर्कच्या मेट्सना दिला आणि बदल्यात काय, तर एक लुइसएंजल अकुन्या आणि एक कॉलेजातनं नुकता बाहेर पडलेला पिचर (चेंडू टाकणारा). ह्या लोकांना सौदा करता येतो का? आणि आता विकण्यासारखं उरलंय तरी काय?"

फोनवर मी "बघू" म्हणालो होतो. आता त्यालाच नीट लिहितो.

आधी उत्तर सांगतो, कारणं मागनं. रॉबर्ट स्वस्तात गेला हे खरं. पण तो जानेवारी २०२६ मध्ये स्वस्त झालेला नाही, २०२३ च्या हिवाळ्यात झाला. जानेवारीत फक्त पावती फाटली.

आता तुला माझे आजोबा आठवत नसतील, पण सांगलीच्या मार्केट यार्डात आपली हळदीची अडत होती हे तुला ठाऊक आहे. हळदीचे सौदे म्हणजे काय ते मी लहानपणी बघितलंय. भाव पडला की शेतकरी आणि व्यापारी दोघंही माल हरिपूरच्या पेवात टाकायचे. जमिनीखाली खोल खोल खड्डे, त्यात हळद वर्षानुवर्षं राहते, कीड नाही, वास जात नाही. भाव आला की उपसायची. म्हणजे सांगलीच्या माणसाच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली असते: घाई कशाला, थांबू, भाव येतोच.

बेसबॉलचा खेळाडू हा पेवात ठेवायचा माल नाही. गेली पंचवीस वर्षं मी व्हाइट सॉक्सचे सौदे एका वहीत लिहून ठेवतोय. पोटापाण्यासाठी अ‍ॅक्चुअरी आहे, म्हणजे पुढल्या वर्षांची आज किंमत काढणं हाच माझा धंदा. त्या वहीत मी खेळाडूच्या नावापुढे होम रन लिहीत नाही. मी लिहितो, किती वर्षं विकली आणि किती वर्षं घेतली.

हे वर्षांचं गणित इथे नव्यानं आलेल्याला चटकन उमजत नाही, कारण आपण आयपीएलचा लिलाव बघून वाढलेलो. तिथे पैसा टाकला की खेळाडू आला. मेजर लीगमध्ये, म्हणजे इथल्या बेसबॉलच्या सर्वोच्च लीगमध्ये, खेळाडूला वरच्या संघात पूर्ण सहा वर्षं भरल्याशिवाय मोकळं होता येत नाही. त्यातली साधारण पहिली तीन वर्षं तो किमान पगाराच्या आसपास खेळतो. २०२६ साठी हा किमान पगार ७ लाख ८० हजार डॉलर आहे. पुढली तीन वर्षं पगार लवादाच्या भीतीनं ठरतो, म्हणजे वाढतो, पण खुल्या बाजाराएवढा नाही. सहा वर्षं संपली की तो मोकळा, हवं तिथे जातो आणि जुन्या क्लबच्या हातात फार तर ड्राफ्टमधली, म्हणजे नव्या पोरांच्या वाटणीतली, एक जास्तीची निवड येते. म्हणून एखादा संघ खेळाडू 'विकतो' तेव्हा तो माणूस विकत नसतो. त्याची उरलेली स्वस्त वर्षं विकत असतो. आणि ही वर्षं रोज एकेक दिवसानं वितळतात. तू झोपलेला असताना सुद्धा.

रॉबर्टचं बघ. मे २०१७ मध्ये क्यूबाहून आलेल्या ह्या पोरावर क्लबनं २ कोटी ६० लाख डॉलरचा बोनस लावला. जानेवारी २०२० मध्ये, मेजर लीगमध्ये एकही चेंडू खेळायच्या आधी, त्याच्याशी ६ वर्षांचा ५ कोटींचा करार केला आणि वर दोन वर्षं क्लबच्या मर्जीची, प्रत्येकी २ कोटींची. म्हणजे २०२७ पर्यंत तो आपला. २०२३ संपलं तेव्हा तो २६ वर्षांचा होता, १४५ सामने खेळला होता, ऑल-स्टार होता, सेंटर फील्डला त्याच्यासारखा झेल घेणारे हातावर मोजण्याइतके होते, आणि चार वर्षं शिल्लक होती. चारही वर्षांचा मिळून पगार पावणेसात कोटींच्या घरात. ज्याला सेंटर फील्डर हवा होता तो त्या दिवशी आपल्या खालच्या संघांतली चांगली चार पोरं मोजून देऊन गेला असता.

आणि तेव्हा संघाची अवस्था काय होती? २०२३ ला ६१ विजय, १०१ पराभव. नवे जनरल मॅनेजर ख्रिस गेट्झ ऑगस्टच्या शेवटी खुर्चीत बसलेले. असा संघ चार वर्षांत जिंकणार नाही हे शेंबड्या पोराला कळत होतं. कळलं नाही ते मला. त्या हिवाळ्यात आमच्या ग्रुपवर "रॉबर्टला हात लावू नका, भाव अजून चढेल" असं मी स्वतः लिहिलंय. ते स्क्रीनशॉट काढून ठेवणारे मित्र मला आहेत.

भाव चढला नाही. २०२४ मध्ये तो दुखापतीमुळे १०० सामने खेळला, बॅटिंगची सरासरी .२२४ (हजारात २२४ यशस्वी फटके), होम रन १४. २०२५ मध्ये ११० सामने, .२२३, पुन्हा १४, हां, ३३ बेस मात्र चोरले. गेल्या जुलैत तो जरा तापला होता. तेव्हा लोकांना वाटलं जुलैअखेर संपणाऱ्या सौद्यांच्या मुदतीच्या आत जाईल, पण क्लबनं ठेवला, ऑगस्टच्या शेवटी पोटरीच्या वरची शीर पुन्हा धरली आणि हंगाम संपला. जानेवारीत विकायला निघालो तेव्हा हातात काय होतं? दोन वर्षं, तीही दोन-दोन कोटींची. म्हणजे स्वस्त वर्षं शून्य. मेट्सनी तो पगार पूर्ण उचलला, हाच त्या सौद्यातला मोठा भाग. अकुन्या आणि हार्वर्डचा पिचर ट्रुमन पॉली हे वर घातलेलं वाण. (हाच अकुन्या मेट्सना २०२३ मध्ये मॅक्स शर्झर टेक्सासला देऊन मिळाला होता. म्हणजे एका म्हाताऱ्या महागड्या पिचरचा उरलेला भाव फिरत फिरत आपल्या दारात आलाय. बाजार असा चालतो.)

आता ह्याच्या शेजारी गॅरेट क्रोशेचा सौदा ठेव, मग कळेल मी काय म्हणतोय ते.

२०२४ मध्ये क्रोशे पहिल्यांदाच सुरुवातीचा (सामन्याचे पहिले डाव टाकणारा) पिचर म्हणून उभा राहिला. त्याआधी तो शेवटच्या एक-दोन डावांपुरता येणारा, मधे कोपराची मोठी शस्त्रक्रिया झालेला. त्या वर्षी ३२ सामने, १४६ डाव, २०९ बळी. आणि त्याच वर्षी आपला संघ ४१ जिंकला, १२१ हरला. १९०१ पासूनच्या आधुनिक काळातला हा विक्रम, १९६२ च्या मेट्सचा १२० चा मोडला. जुलैत सगळे म्हणत होते, आत्ताच विका. पण तेव्हा बातमी आली की नवा दीर्घ करार मिळाल्याशिवाय क्रोशे ऑक्टोबरमधल्या बाद फेरीत पिचिंग करणार नाही. एवढे डाव तो आयुष्यात कधी टाकलेला नव्हता, हाताची काळजी त्यानं करायची नाही तर कुणी? गिऱ्हाईक बिचकलं. गेट्झ थांबले. मला वाटलं, झालं, दुसरा रॉबर्ट.

पण ते रॉबर्टसारखं दोन वर्षं थांबले नाहीत, चार महिने थांबले. डिसेंबर २०२४ मध्ये बॉस्टननं काइल टील, ब्रेडन मॉन्टगमरी, चेस मायड्रॉथ आणि विकेलमन गोन्झालेझ असे चार दिले. क्रोशेची फक्त दोन वर्षं शिल्लक होती. टील जून २०२५ मध्ये वर आला, ७८ सामने खेळला, .२७३ मारलं, आणि तो कॅचर आहे, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा. मारू शकणारा कॅचर म्हणजे पंढरपूरच्या वारीत हरवलेली चप्पल सापडावी तसं. तो २०३१ पर्यंत आपल्याकडे आहे. माझ्या वहीत त्या ओळीवर लिहिलंय: दोन विकली, एकट्या टीलचीच सहाच्या वर घेतली.

क्रोशेनं बॉस्टनला १८ सामने जिंकून दिले, २५५ बळी घेतले, साय यंगच्या, म्हणजे सर्वोत्तम पिचरच्या पुरस्काराच्या, मतदानात दुसरा आला. तुझे रूममेट म्हणतील, बघ, हिरा दिला. दिला ना. पण बॉस्टननं त्याला लगेच ६ वर्षांचे १७ कोटी डॉलर दिले, आणि आपल्या क्लबनं एवढ्या वर्षांत कुणालाही १० कोटी दिलेले नाहीत. आपला सगळ्यात मोठा करार अँड्र्यू बेनिनटेंडीचा, साडेसात कोटींचा. जेरी राइन्सडॉर्फ १९८१ पासून मालक आहेत आणि त्यांच्या तिजोरीची किल्ली कशी फिरते हे शिकागोत सर्वांना ठाऊक आहे. क्रोशे २०२६ नंतर जाणारच होता. प्रश्न फक्त एवढाच होता की जाताना मागे काही ठेवतो की नाही.

आता तुझ्या प्रश्नाच्या पोटातला खरा प्रश्न: ह्या लोकांना सौदा करता येतो का?

जुन्या सौद्यांचा हिशेब मांडला तर मी म्हणेन, येतो. बऱ्यापैकी येतो. लोकांना हे पटत नाही. २०१६ च्या डिसेंबरात, दोन दिवसांत, ख्रिस सेल बॉस्टनला आणि अ‍ॅडम इटन वॉशिंग्टनला दिला. सेलच्या बदल्यात योआन मोंकाडा आणि मायकल कोपेक आणि आणखी दोघं. इटनच्या बदल्यात लुकस जिओलिटो, रेनाल्डो लोपेझ, डेन डनिंग. जुलै २०१७ मध्ये होजे किंटाना शेजारच्या कब्जला दिला, तर मिळाले एलॉय हिमेनेझ आणि डिलन सीझ. हे सौदे वाईट होते असं म्हणणाऱ्यानं वही काढून दाखवावी. जिओलिटोनं ऑगस्ट २०२० मध्ये नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात एकही हिट दिली नाही. सीझ २०२२ मध्ये साय यंगला दुसरा आला. हिमेनेझनं २०१९ ला, पहिल्याच वर्षी, ३१ होम रन मारले. मोंकाडानं त्याच वर्षी .३१५. आणि २०२१ ला ९३ सामने जिंकून आपण विभाग जिंकलो.

मग तीन वर्षांत १२१ हरायला काय झालं?

सौद्यात बियाणं मिळतं, रान नाही मिळत. ही चार-पाच पोरं आली, पण त्यांच्या मागून खालच्या संघांतून कुणीच आलं नाही. राइट फील्ड वर्षानुवर्षं रिकामं, सेकंड बेस रिकामा. खुल्या बाजारात मॅनी मचाडोसाठी बोली लावली आणि पाड्रेसनी ३० कोटी दिल्यावर हात झटकून परत आले. २०२० च्या शेवटी, जवळजवळ दहा वर्षं डगआउटबाहेर असलेल्या ७६ वर्षांच्या टोनी ला रूसांना मॅनेजर केलं. मोंकाडा, हिमेनेझ, रॉबर्ट आळीपाळीनं जायबंदी. २०२२ ला ८१-८१, मग खाली. अँड्र्यू व्हॉन बघ, २०१९ च्या ड्राफ्टमधली तिसरी निवड, म्हणजे देशातला तिसरा पोरगा. फर्स्ट बेसवाल्याला आउटफील्डला पळवलं, मग परत आणलं. गेल्या वर्षी .१८९ वर असताना त्याला ट्रिपल-ए ला, मेजर लीगच्या लगेच खालच्या पायरीवर, उतरवलं आणि जूनमध्ये मिलवॉकीला देऊन ३० वर्षांचा अ‍ॅरन सिव्हाली घेतला. मिलवॉकीत जाऊन व्हॉननं ६४ सामन्यांत .३०८ मारलं. तेच हात, तीच बॅट. नव्वद मैलांवर जाऊन माणूस असा बदलतो तेव्हा दोष माणसात नसतो.

एक सौदा मात्र आहे, जो आठवला की अजून पोटात खड्डा पडतो. जून २०१६ मध्ये आपल्याला वाटलं आपण जिंकतोय, म्हणून पाड्रेसकडून ३४ वर्षांचा जेम्स शील्ड्स आणला आणि बदल्यात एरिक जॉन्सन आणि १७ वर्षांचा एक पोरगा दिला. त्या पोराचं नाव फर्नांडो टाटिस ज्युनियर, पुढे मोठा तारा झालेला. तेव्हा त्यानं व्यावसायिक सामना एकही खेळलेला नव्हता, त्यामुळे 'माहीत असायला हवं होतं' असं मी म्हणत नाही. पण सहाच महिन्यांनी सेल विकणारा संघ जूनमध्ये म्हातारा पिचर विकत घेत होता. आपण विकणारे की घेणारे हेच क्लबला ठाऊक नव्हतं. पेठेत सकाळी घेणारा आणि संध्याकाळी विकणारा असा माणूस दलाल असला तरच टिकतो.

सेलचं नाव निघालं म्हणून सांगतो. त्याच जुलैत सामन्याआधी त्यानं संघाचे जुन्या पद्धतीचे शर्ट कात्रीनं कापून टाकले होते, त्याला ते घालून पिचिंग करायचं नव्हतं. पाच दिवसांची बंदी झाली. माझ्या कपाटात त्याच्या नावाची जर्सी आहे, ती मात्र अखंड आहे. तुझी मामी दर दिवाळीच्या साफसफाईला विचारते, हे अजून ठेवायचंय का?

बाजारात एक गिऱ्हाईक फार महत्त्वाचं असतं: ज्याला आजच माल न्यावा लागतो ते. २०२३ च्या जुलैत एंजल्सची तशी अवस्था होती. त्यांचा सुपरस्टार शोहेई ओहतानी, त्याच्या कराराचं शेवटचं वर्ष, आत्ता नाही तर कधीच नाही. त्यांनी जिओलिटो आणि लोपेझ नेले. दोघांचेही फक्त दोन महिने उरले होते. बदल्यात दिला एडगर केरो, २० वर्षांचा कॅचर, त्यांच्या खालच्या संघांतला मोठा मोहरा, वर 'काय बुश' नावाचा पिचर. पुढे एंजल्स धडाधड हरले आणि ऑगस्ट संपायच्या आत दोघांना फुकट सोडून दिलं, क्लीव्हलंडनं उचललं. केरो मात्र आपल्याकडेच आहे आणि २०२५ मध्ये टीलबरोबर आलटून पालटून कॅचिंग करत होता. माझ्या वहीतली सगळ्यात देखणी ओळ ती आहे. म्हणून जुलैत मी आपला संघ बघत नाही, कुणाचा सुपरस्टार पुढल्या वर्षी सुटणार आहे ते बघतो.

मोठ्या नावांच्या मागे लागून लोक छोट्या सौद्यांकडे बघत नाहीत आणि माझ्या मते गेट्झची खरी हातोटी तिथेच आहे. एरिक फेडी कोरियात खेळून, २०२३ ला तिथला सर्वोत्तम खेळाडू ठरून परत आला. त्याला दोन वर्षांसाठी दीड कोटीत घेतलं आणि सातच महिन्यांत तीन संघांच्या सौद्यात सेंट लुइसला पाठवला. त्याच सौद्यात कोपेक डॉजर्सना गेला आणि आपल्याला त्यांच्याकडून मिगेल व्हर्गास आणि दोन कोवळी पोरं मिळाली. व्हर्गासनं उरलेल्या मोसमात .१०४ मारलं. एकशे चार! स्टेडियममध्ये लोक हसत होते, रडण्यापलीकडचं हसू. डॉजर्स तर त्या वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकले, ह्याच सौद्यात त्यांना मिळालेला टॉमी एडमन लीगच्या अंतिम मालिकेत सर्वोत्तम ठरला. पण पुढल्या वर्षी व्हर्गासनं १६ होम रन मारले आणि आता तो इनफिल्डमधला रोजचा माणूस आहे.

तसाच एड्रियन हाउझर. गेल्या मे महिन्यात तो कुणालाच नको होता. आपण उचलला, ११ सामन्यांत २.१० चा ई.आर.ए. (दर नऊ डावांमागे दिलेल्या धावा) टाकला आणि ३१ जुलैला टँपा बेला देऊन कर्टिस मीड आणि दोन पिचर घेतले. भांडवल म्हणशील तर जवळजवळ काहीच नाही. आणि शेन स्मिथ तर सौदासुद्धा नाही. डिसेंबर २०२४ च्या 'रूल फाइव्ह' ड्राफ्टमध्ये, जिथे दुसऱ्यांच्या खालच्या संघांत अडकून पडलेले खेळाडू एक लाख डॉलर भरून उचलता येतात, तिथे पहिल्या निवडीत मिलवॉकीकडून घेतला. सात महिन्यांनी तो ऑल-स्टार होता. १२१ हरल्याचा तेवढा एक फायदा झाला.

फायद्यावरून आठवलं. तू विचारलं होतंस, एवढं हरलो तर ड्राफ्टमध्ये पहिली निवड का नाही मिळाली? कारण आता तिथे सोडत असते आणि नियम असा की महसूल-वाटपात पैसे भरणाऱ्या मोठ्या शहरांच्या संघांना लागोपाठ दोन वर्षं सोडतीतली निवड मिळत नाही. आपल्याला २०२४ मध्ये पाचवी मिळाली होती. म्हणून आधुनिक काळातल्या सर्वात वाईट संघाला २०२५ मध्ये दहावी निवड मिळाली. पुन्हा ह्या डिसेंबरात सोडत लागली आणि २०२६ ची पहिली निवड आपली. मुद्दा असा की नुसतं हरून संघ उभा राहण्याचे दिवस गेले, सौदे नीट करावेच लागतात.

मी इथे १९९८ साली आलो तेव्हा पेठेतल्या लोकांना वाटलं पोरगा आयआयटीत लागला. होतीही आयआयटीच, पण शिकागोची, इलिनॉय इन्स्टिट्यूट. हॉस्टेलमधून निघायचं, ३५ व्या रस्त्यावरून डॅन रायन हायवेवरचा पूल ओलांडायचा की समोर व्हाइट सॉक्सचं मैदान, कोमिस्की पार्क. तू आता त्याच पुलावरून जातोस, फक्त नाव तीनदा बदललं. तेव्हा स्टँडमध्ये शेजारी बसणारे म्हातारे एकाच गोष्टीवर चिडलेले असायचे. ३१ जुलै १९९७ ला संघ पहिल्या जागेपासून साडेतीन सामने मागे होता आणि मालकांनी विल्सन अल्वारेझ, डॅनी डार्विन, रॉबर्टो हर्नांडेझ असे तीन पिचर सॅन फ्रान्सिस्कोला देऊन सहा पोरं घेतली. शिकागोत त्याला अजून 'पांढऱ्या निशाणाचा सौदा' म्हणतात. साडेतीन सामने म्हणजे काहीच नाही. ते म्हातारे म्हणायचे, पुन्हा पाऊल टाकणार नाही. टाकायचे रोज. त्या सहांमधले कीथ फोक आणि बॉब हाउरी २००० साली, आपण ९५ जिंकून विभाग जिंकला तेव्हा, शेवटचे डाव सांभाळत होते. तरीही त्यांचा राग गेला नव्हता, आणि मला विचारशील तर रास्तच होता. तिकीट काढणाऱ्यानं तीन वर्षांपुढचा हिशेब का करावा?

माझं वय वाढलं तसा मी हिशेब करायला लागलो, एवढंच. २४ सप्टेंबर २०२४ ला मी मुद्दाम गेलो होतो. १२० पराभव झालेले, १२१ वा बघायला माणसं आली होती. लोक मालकांना उद्देशून "संघ विका" असं ओरडत होते. आणि संघ जिंकला. एंजल्सना तिन्ही दिवस हरवलं, मग डेट्रॉइटला जाऊन विक्रम केला. घरच्या लोकांना तेवढीही गंमत मिळाली नाही. मालकी बदलण्याचं म्हणशील तर जस्टिन इशबिया यांच्याशी करार झालाय, पण हस्तांतर २०२९ च्या आधी नाही. तोवर तिजोरी हीच धरून चाल.

आता उरलंय काय विकायला. टील, केरो, कोल्सन मॉन्टगमरी ह्यांना हात लावायचा नाही. कोल्सन तर आपलाच, २०२१ च्या ड्राफ्टमधला. गेल्या वसंतात ट्रिपल-ए ला चाचपडत होता, तेव्हा क्लबनं त्याला ॲरिझोनाला बोलावून घेतलं, ओरिओल्सकडून आणलेल्या रायन फुलरच्या हाताखाली स्विंग दुरुस्त करायला लावला, आणि ४ जुलैला वर आल्यावर ७१ सामन्यांत २१ होम रन. व्हॉनच्या वेळी हे कुणी केलं नव्हतं. म्हणून मला ह्या वेळी थोडा धीर आहे. दोन कॅचर आहेत आणि जागा एक, तेव्हा कधीतरी एकाचा सौदा होईल. पण दोघंही स्वस्त आहेत, घाई नाही.

विकण्याजोगा माल म्हणजे मुनेताका मुराकामी. २०२२ ला जपानमध्ये ५६ होम रन मारणारा, डिसेंबरात दोन वर्षांसाठी ३ कोटी ४० लाखांत आला. जोराच्या फास्टबॉलवर बॅट चुकते म्हणून मोठे संघ बिचकले आणि आपल्याला सापडला. दोनच वर्षं. येत्या जुलैत त्यानं २५ मारलेले असले, तर हा ग्रुप ओरडेल की ह्याला ठेवा, करार वाढवा, भाव अजून चढेल. त्या दिवशी मी काय म्हणेन ते आत्ताच लिहून ठेव. दीड वर्ष विकण्याची किंमत एक वर्ष विकण्यापेक्षा जास्त असते, आणि अर्धं वर्ष विकण्याच्या कितीतरी पट. संघ तोवर खरोखर पहिल्या जागेच्या दोन-तीन सामने मागे असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा मी त्या १९९७ च्या म्हाताऱ्यांच्या बाजूला बसेन. नसेल तर विका.

बाबांचं एक सांगायचं राहिलं. पेवात माल टिकतो असं वर लिहिलंय, ते २००५ पर्यंत खरं होतं. त्या पावसाळ्यात कृष्णेचं पाणी हरिपुरात शिरलं, पेवं खचली आणि भावाची वाट बघत ठेवलेली आपली हळद चिखलात गेली. ऑक्टोबरमध्ये इकडे व्हाइट सॉक्सनी ह्यूस्टनला ४-० हरवून १९१७ नंतरची पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली. मी आनंदात फोन केला तर बाबा म्हणाले, "बरं झालं, घरातलं कुणीतरी जिंकलं."

जर्सी घ्यायचं चाललंय म्हणालास. मुराकामीची घेऊ नकोस. टीलची घे, २०३१ पर्यंत अंगात घालशील. किंवा नाव नसलेलीच घे, मी हल्ली तेच करतो. सेलची हवी असेल तर मामीला सांगू नकोस, येऊन घेऊन जा.